स्ट्रीमिंग सेवा व गीतरचना

ध्वनिमुद्रित गीताची प्रत न विकता ते आंतरजालावरून मागणीनुसार ऐकविणारी व्यवस्था म्हणजे स्ट्रीमिंग सेवा. माध्यमाने गीताचा घाट ठरविणे नवे नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस सु. तीन मिनिटांचेच संगीत मावे. मराठी नाट्यपदे व भावगीते त्या मापात बसविली गेली. तबकडीचे बंधन लांबीवर होते, स्ट्रीमिंगचे मुख्यतः आरंभावर आहे. भारतात २०१९ मध्ये आलेल्या स्पॉटिफाय सेवेत गीत ३० सेकंद वाजल्यावरच एक श्रवण मोजले जाते. पुढे ते दोन मिनिटे चालो की सहा, मोजणी तीच. साहजिकच दीर्घ वाद्यारंभ आखडला, ध्रुवपद आधी येऊ लागले. २०२४ पासून वर्षात किमान १,००० श्रवणे न झालेल्या गीतास तेथे मोबदला नाही. लहान बोलींतील गायकांस ही अट जाचकच म्हणावी लागेल. खानदेशात, जामनेर तालुक्यातील पहूरपासून धुळ्यापर्यंत, ऐकली जाणारी अहिराणी गीते मात्र बव्हंशी यूट्यूबवर पाहिली जातात आणि लग्नाच्या वरातीत वाजतात. वरातीत गीत मध्येच बदलणे एकट्या श्रोत्याच्या हाती नसते, आणि नाचणाऱ्यांना ठेका हवा असतो. तेथे वाद्यमेळाला अजून सवड मिळते.