२ तास १३ मिनिटे

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या ग्राहकांची बनावट कार्डं २८ देशांतल्या एटीएममध्ये सरकू लागली. २ तास १३ मिनिटांत १४,८०० हून जास्त व्यवहार झाले. मिनिटाला १११! ८० कोटींवर रोकड गेली. दोन दिवसांनी ‘स्विफ्ट’ या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीमार्गे आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला वळवले गेले.

आदल्याच दिवशी एफबीआयनं बँकांना गोपनीय इशारा धाडला होता : जगभरातल्या एटीएममधून एकदम पैसे उपसण्याचा बेत शिजतोय. पण असा इशारा माणूस वाचतो, वरिष्ठांना विचारतो, फोन लावतो. मिनिटाला १११ व्यवहार अडवायचे तर ते यंत्रानंच अडवावे लागतात, आणि यंत्राला मोघम सांगून चालत नाही.

साधी तारीख घ्या. ११-०८ म्हणजे अकोला जिल्ह्यातल्या अकोटात ११ ऑगस्ट, अमेरिकेत ८ नोव्हेंबर. म्हणून सायबर धोक्यांची माहिती कळवण्याच्या ‘स्टिक्स’ या प्रमाणित साच्यात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. वेळ जागतिक प्रमाणवेळेत. अकोटला दुपारचे तीन वाजले की साच्यात सकाळचे साडेनऊ लिहायचे. घातक फाइलची ओळख तिच्या नावावरून नव्हे, तर ६४ अक्षरी डिजिटल ठशावरून पटते. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा पार बदलतो. असे किती ठसे शक्य आहेत? ती संख्या ७८ आकडी आहे! इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्तेच ४२९ कोटी, त्यातला नेमका कोणता रोखायचा हेही त्याच साच्यात.

आपल्या ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेकडे २०२४ मध्ये २० लाखांवर सायबर घटनांची नोंद झाली. साधारण दर १५ सेकंदांना एक. एवढं कोण वाचणार?

ते यंत्रानंच वाचायला हवं, आणि ही कल्पना नवी नाही. अशा घटना कळवण्याचा ‘आयओडीईएफ’ हा साचा डिसेंबर २००७ मध्येच प्रसिद्ध झाला होता, म्हणजे कॉसमॉसच्या दहा वर्षं आधी.

घटना ६ तासांत कळवा, असा सर्ट-इनचा नियम २०२२ चा. तो हवाच होता. पण ६ तासांत कॉसमॉससारखी लूट दोनदा उरकून वर दीड तास उरतो. आणि धोका फक्त मोठ्या शहरांना नाही : अकोटच्या बाजारात कापूस विकणाऱ्याचा चुकाराही आता अनेकदा बँकेच्या खात्यात जमा होतो. त्यामुळे सायबर हल्ल्यांचे इशारे मुंबई-पुण्याच्या मोठ्या बँकांपुरते राहू नयेत. तालुक्याच्या सहकारी बँकेच्या सर्व्हरलाही ते थेट, त्याच साच्यात, त्याच मिनिटाला मिळाले पाहिजेत.