खोल्यात अडकलेली पिल्ले

कोळंबीसाठी निघालेल्या ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबी येते, आणि तिच्यासोबत तळाशी जे जे असेल तेही येते. असे का होते, हे जाळ्याच्या बांधणीतून कळते.

ट्रॉल जाळे म्हणजे शंकूसारखी लांब पिशवी. तोंडाच्या दोन्ही बाजूंना जड फळ्या असतात. बोट पुढे सरकली की पाण्याच्या दाबाने त्या एकमेकींपासून लांब जातात आणि तोंड उघडे राहते. खालचा वजनी दोर तळावरून घासत जातो. दोन-तीन तास जाळे ओढले जाते आणि वाटेतले सारे शेपटाच्या पिशवीत, म्हणजे खोल्यात, साचते. नेहमीच्या जाळ्याचे आस, म्हणजे विणीतली भोके, शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात. ओढ बसली की ते मिटतात आणि लहान मासळीची सुटायची वाट बंद होते.

खोला डेकवर रिकामा झाला की निवड सुरू होते. कोळंबी, पापलेट, म्हाकूल बर्फात जातात. उरतात ढोमा आणि राणी माशाची पिल्ले, छोटे खेकडे, कधी समुद्री साप. अनेक दिवसांच्या फेरीत बर्फ आणि जागा मोजकी असते. म्हणून कमी भावाची मासळी सुरुवातीच्या दिवसांत समुद्रात टाकतात आणि शेवटच्या दिवसांची बंदरावर आणतात. टाकलेल्यांपैकी बहुतेक मासे दाबातील बदलाने, चेंगरून किंवा उन्हाने आधीच मेलेले असतात.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार २०१०-१४ या काळात जगात वर्षाला सुमारे ९१ लाख टन मासळी अशी टाकली गेली. त्यातली जवळजवळ निम्मी तळाच्या ट्रॉलिंगमधली होती.

आपल्याकडे आता टाकणे घटले आहे, कारण या मासळीलाही गिऱ्हाईक मिळाले. ती दळून फिशमील होते आणि कोळंबी व कोंबड्यांच्या खाद्यात जाते. समुद्रापासून दूर असलेल्या परभणी जिल्ह्यात, राणीसावरगावच्या एखाद्या पोल्ट्रीतही ते पोहोचू शकते. पण पिल्लू समुद्रात फेकले काय आणि गिरणीत घातले काय, त्याच्यापासून पुढची पैदास होत नाही. उलट भाव मिळू लागला की ते सोडण्याचे कारणच उरत नाही.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला. त्याची तपासणी मात्र बंदरावर होते आणि तोवर मासा मेलेला असतो. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी मासळीला उसंत देते, पण बंदी उठली की जाळे तेच असते. म्हणून खरा इलाज पाण्याखालीच करावा लागतो. सिंधुदुर्गात ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाचा खोला वापरून पाहिला गेला. चौकोनी आस ओढीतही उघडे राहतात आणि पिल्ले निसटतात. कासवांसाठी जाळ्यात तिरकी जाळीदार चौकट आणि बाहेर पडायला झडप बसवता येते.

अडचण हिशेबाची आहे. मोठ्या आसामुळे विकाऊ लहान मासळीही सुटते. तो तोटा आजच्या फेरीत एका बोटीचा होतो, तर वाढलेली मासळी उद्या कुणाच्याही जाळ्यात येऊ शकते. शेजारच्या बोटीचा खोला बारीकच राहिला, तर एकट्याने जाळे बदलण्यात कुणाला राम वाटणार? म्हणून मोठ्या आसाचा नियम बंदरातल्या सगळ्या बोटींना एकदम लागू झाला तरच टिकेल.