समुद्रातून मेंदूकडे, व्हाया आतडं

कवळीचं माप घेताना दातांचे डॉक्टर तोंडात जो थंडगार, पटकन घट्ट होणारा लगदा भरतात, तो शेवाळाच्या कृपेने घट्ट होतो. त्यातला मुख्य पदार्थ अल्जिनेट. १८८१ साली एडवर्ड स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने तो तपकिरी समुद्री शेवाळातून वेगळा काढला. आज तो आइस्क्रीम दाट ठेवतो आणि जखमेच्या पट्टीत ओल शोषतो. मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर ओहोटीला उघडं पडणारं सरगॅसमही याच तपकिरी कुळातलं. लाटा दिवसरात्र झोडपतात, तरी ते मोडत नाही, वाकतं. ही लवचीकता त्याच्या पेशीभित्तीतल्या अल्जिनेटची.

आता याच अल्जिनेटचे बारीक तुकडे करून अल्झायमरच्या रुग्णाला द्यायचे, ही कल्पना कुणाला सुचावी? ती सुचली गंग मेइयू या चिनी शास्त्रज्ञांना. तेव्हा त्या छिंगदाओच्या सागरी विद्यापीठात होत्या. पुढे शांघायमध्येही त्यांनी हे काम रेटलं, सगळं मिळून दोनेक दशकं. अल्जिनेट ही साखरेपासून बनलेल्या आम्लांची लांबलचक साखळी. तिचे दोन ते दहा कड्यांचे तुकडे म्हणजे जीव्ही-९७१ हे औषध.

सुरुवातीचा तर्क सरळ होता. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे पुंजके साचतात. हे तुकडे मेंदूत शिरून त्या प्रथिनाला चिकटतील आणि पुंजके होऊ देणार नाहीत. पण २०१९ साली गंग यांच्याच गटाने उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि गोष्ट थेट पोटात उतरली. आजारी उंदरांच्या आतड्यातले जिवाणू बदलत होते. त्यासरशी फेनिलॲलनिन आणि आयसोल्युसिन ही दोन अमिनो आम्लं वाढत होती. त्यांच्या जोरावर एका जातीच्या रोगप्रतिकारक पेशी फोफावून मेंदूत घुसत होत्या आणि तिथे दाह पेटत होता. शेवाळाची साखर आतड्यातली ही घडी पुन्हा बसवते आणि मेंदूतला दाह उतरतो, असा दावा. विस्मरणाचा धागा आतड्यापर्यंत पोचावा, हे मला अजूनही अचाट वाटतं.

त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, चीनने या औषधाला सशर्त परवानगी दिली. २००३ नंतर जगात कुठेही अल्झायमरवर नवं औषध मंजूर झालं नव्हतं. आधार होता ८१८ रुग्णांवरच्या ३६ आठवड्यांच्या चाचणीचा. आकलनचाचणीत औषध घेणारे साधारण दोन-अडीच गुणांनी सरस ठरले. मात्र आलेखात एक खटकणारी गोष्ट होती. नुसती लुटुपुटूची गोळी घेणारे रुग्ण बराच काळ ठीकठाक होते आणि शेवटच्या १२ आठवड्यांत एकदम घसरले. म्हणजे औषधवाले वर गेले की बाकीचे खाली आले? जाणकारांनी हा प्रश्न लगेच विचारला, आणि तो रास्त होता.

शिवाय औषध जिवाणूंमार्फत काम करत असेल, तर कुणाचे जिवाणू, हेही पाहायला हवं. नोरी हे लाल शेवाळ पिढ्यानपिढ्या खाणाऱ्या जपानी लोकांच्या आतड्यात त्यातली साखर पचवणारी जनुकं सापडली. आतड्यातल्या जिवाणूंनी ती समुद्री जिवाणूंकडून चक्क उचललेली. २०१० मधला हा शोध. तपकिरी शेवाळाची गोष्ट वेगळी असेलही, पण शांघायच्या पोटात जे घडतं ते शिकागोच्या पोटात घडेलच असं गृहीत धरता येत नाही.

ते तपासता येईल अशी दोन हजारांहून अधिक रुग्णांची आंतरराष्ट्रीय चाचणी आखली होती. २०२२ मध्ये ती अर्ध्यातच थांबली. औषध बनवणाऱ्या कंपनीने महासाथ आणि पैशांची अडचण ही कारणं दिली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधल्या सशर्त परवानगीची मुदत संपली आणि पुढच्या वर्षी उत्पादनही थांबलं. औषध खोटं ठरलं, असं कुणी दाखवलेलं नाही. खरं ठरवणारी चाचणी मात्र पुरी झाली नाही, आणि तोवर दोन-अडीच गुणांच्या भरवशावर कुणाच्या आईवडिलांना ही गोळी सुचवायला मी धजावणार नाही.