पाय टेकले पाहिजेत

शोरूममध्ये पहिली मोटारसायकल घ्यायला आलेला मुलगा दोन प्रश्न हमखास विचारतो: ॲव्हरेज किती देते आणि पिकअप कसा आहे? दोन्ही प्रश्न चालत्या गाडीचे आहेत. नवशिक्याची गाठ मात्र आधी थांबलेल्या, नाहीतर थांबत आलेल्या गाडीशी पडते. साताऱ्यात मी बरीच वर्षं ओळखीपाळखीच्या मुलामुलींना मोटारसायकल शिकवते आहे. त्यांतले जे पडले, ते जवळजवळ सगळे पायी चालण्याच्या वेगात पडले. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे चढताना पुढची रिक्षा अचानक थांबली आणि पाय खाली पोचला नाही. यू-टर्न घेताना क्लच एकदम सुटला आणि गाडी बंद पडली. कडेच्या वाळूवर हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला गेला. म्हणून माझं ठाम मत आहे, की पहिली गाडी ताशी दहा किलोमीटरच्या वेगात कशी वागते हे बघून निवडावी. बाकी सगळं त्यानंतर.

आपल्याकडे ही निवड सर्वस्वी घेणाऱ्यावर सोडलेली आहे. ब्रिटनमध्ये सतराव्या वर्षी मिळणाऱ्या परवान्यावर १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंतचीच मोटारसायकल चालवता येते. एकोणिसाव्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंतची पायरी येते. त्यापुढच्या गाड्या चोविसाव्या वर्षी, किंवा मधल्या परवान्यावर दोन वर्षं काढली असतील तर एकविसाव्या वर्षी. भारतात गिअरच्या दुचाकीचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो आणि तो हातात आला की आठ हॉर्सपॉवरची स्प्लेंडरही चालवता येते, चाळीस हॉर्सपॉवरच्या वरची ३९० ड्यूकही. मधल्या पायऱ्याच नाहीत. त्यात चारचाकी शिकवणारी ड्रायव्हिंग स्कूल जागोजागी असली, तरी मोटारसायकल भावाकडून किंवा मित्राकडून मैदानात शिकायची, हीच रीत. शिकवणारा असा हौशी असला, की शिकणाऱ्याच्या चुका पोटात घालायचं काम गाडीवर येतं. ते काम सगळ्या गाड्यांना जमत नाही.

माझ्या भाचीला यंदा मेढ्याच्या बाजूला आरोग्य उपकेंद्रात नोकरी लागली. कॉलेजात ती ॲक्टिव्हा चालवायची. पण जावळीतल्या पावसाने उखडलेल्या रस्त्यांवर, वाड्यावस्त्यांकडे चढणाऱ्या कच्च्या वाटांवर स्कूटरचं छोटं चाक खड्ड्यात उतरतं. मोटारसायकलचं अठरा इंची चाक तोच खड्डा बराचसा वरच्यावर पार करतं. म्हणून गिअरची गाडी घ्यायची ठरली. तिचं लायसन्स ‘विदाउट गिअर’चं होतं, त्यावर मोटारसायकल चालवता येत नाही. त्यामुळे आरटीओत नवा वर्ग जोडण्यासाठी पुन्हा लर्निंग काढावं लागलं. लर्निंग सहा महिने चालतं आणि मिळाल्यापासून तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येत नाही. तोवर पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा आणि मागे बसवायचं ते फक्त लायसन्स असलेल्या शिकवणाऱ्याला. या मुदतीकडे अडचण म्हणून बघू नये. गाडी निवडण्यासाठी ती फार कामाची असते.

“मावशी, आधी क्लासिक बघू,” ती म्हणाली. बघायला काहीच हरकत नव्हती. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० म्हणजे १९५ किलो वजन आणि ८०५ मिलिमीटर उंचीची सीट. भाचीची उंची पाच फूट दोन इंच. विक्रेत्याला पलीकडून आधार द्यायला उभं केलं आणि तिला म्हटलं, चालू करायची नाही, नुसती साइड स्टँडवरून उचलून सरळ धर. तेवढं तिने केलं. मग गाडी डावीकडे थोडी कलू दे म्हटलं. थोडी कलेपर्यंत हाताला काही जाणवत नाही. त्यापुढे एका क्षणी सगळं वजन मनगटावर येतं. तिच्या कपाळावर आठी आली आणि विक्रेत्याने झटकन गाडी सावरली. या गाडीच्या इंजिनाला दोष देण्यासारखं काही नाही. कमी फेऱ्यांवरच त्याची ताकद भरपूर असल्याने सुटताना ते सहसा बंद पडत नाही. प्रश्न येतो तो गाडी थांबवून धरून ठेवताना.

शेजारी आर-१५ उभी होती. वजन सुमारे १४० किलो, म्हणजे क्लासिकपेक्षा बरीच हलकी. पण सीट ८१५ मिलिमीटर उंच, हँडल खाली आणि शरीराचा भार मनगटांवर. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघितलं तर ते थोडंच वळतं. अरुंद गल्लीत गाडी वळवायला अशा गाडीला दोन-तीनदा मागेपुढे करावं लागतं आणि नवशिका पडतो तो नेमका तिथे. ही गाडी वाईट नाही. शिकलेल्या हातांसाठी आणि मोकळ्या रस्त्यासाठी ती बनवलेली आहे.

मग स्प्लेंडरवर बसवलं. ११२ किलो, ७८५ मिलिमीटर. कागदावर क्लासिकच्या आणि हिच्या सीटमध्ये दोन सेंटिमीटरचा फरक दिसतो. प्रत्यक्षात तो जास्त वाटतो, कारण हिची सीट पुढच्या बाजूला अरुंद आहे. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि तेवढा पाय आखूड पडतो. माहितीपत्रकात सीटची उंची छापतात, रुंदी छापत नाहीत. म्हणून बसून बघण्याला पर्याय नाही, आणि तेही रोजच्या चपला-बुटांत. भाचीचे दोन्ही तळवे चवड्यांपर्यंत नीट टेकले, एक पाय पूर्ण टेकला. मी तेवढ्यावर समाधान मानलं नाही. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यात आपल्याकडची साइडपट्टी खचलेली. तिथे थांबताना उताराकडचा पाय आणखी खाली जावा लागतो. शोरूमबाहेरच्या उतारावर गाडी नेऊन पुन्हा बसवलं, तेव्हाही पाय टेकला. मग गाडी हाताने ढकलत आठच्या आकड्यात फिरवायला सांगितली, डबल स्टँडवर चढवायला सांगितली. डबल स्टँड हाताच्या जोराने लागत नाही. स्टँडच्या दांड्यावर टाच ठेवून शरीराचा सगळा भार तिच्यावर टाकायचा, हात फक्त गाडी सरळ ठेवतात. दुसऱ्या खेपेला तिला जमलं. ज्या गाडीला एकट्याने डबल स्टँड लावता येतो, ती गाडी आपल्या आवाक्यात आहे असं मी मानते.

यानंतरची परीक्षा मैदानात, ओळखीच्यांच्या गाड्यांवर. सपाट जागेवर पहिला गिअर टाकायचा, ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही आणि क्लच कणाकणाने सोडायचा. चांगली शिकाऊ गाडी एवढ्यावर हळूच सरकू लागते. क्लच नेमका कुठे पकडतो ती जागा बोटांना कळली, की निम्मी मोटारसायकल आली. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांचा क्लच हलका असतो. गर्दीत अर्धा तास हाफ क्लचवर काढला तरी बोटं वळत नाहीत. लिव्हरपर्यंत बोटं सहज पोचतात का, हेही बघावं. लहान हाताच्या माणसाला मोठ्या गाडीचा क्लच बोटांच्या टोकांनी ओढावा लागतो आणि मग तो हळू सोडता येत नाही.

गिअरची पद्धतही आधी ठरवून टाकावी. स्प्लेंडरला चारही गिअर पायाने पुढे दाबत जायचे. पल्सरसारख्या गाड्यांना पहिला खाली आणि पुढचे वर. शिकताना आज ही, उद्या ती असं केलं तर घाईच्या वेळी पाय चुकतो आणि गिअर उतरवण्याऐवजी चढवला जातो. ज्या गाडीवर आरटीओची परीक्षा द्यायची, तिच्यावरच सुरुवातीपासून शिकावं.

ब्रेकबद्दल नियम असा आहे, की एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस असावंच लागतं. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला की मागच्याबरोबर पुढचाही थोडा लागतो. ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबणाऱ्याला एबीएसचा आधार मोठा, कारण ज्या चाकाला ते लावलेलं असतं ते चाक अडकून घसरत नाही. जुनी गाडी घेताना त्यामुळे २०१९ च्या अलीकडची मिळाली तर बघावी.

नवी की जुनी, यावर घरात बरीच चर्चा झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने नव्या गाड्या आवाक्यात आल्या आहेत. तरीही मी शिकणाऱ्याला जुनीच घ्यायला सांगते. गाडी एकदा तरी पडणार, लिव्हर वाकणार, इंडिकेटर फुटणार. नवी गाडी पडली की शिकणारा पडण्याला घाबरू लागतो. घाबरलेला माणूस अंग ताठ करतो आणि ताठ हातांनी हँडल नीट वळत नाही.

एक स्प्लेंडर बघायला आम्ही आमच्या मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी आधी इंजिनावर पालथा हात ठेवला. गार होतं. “गरम असतं तर आपण उद्या आलो असतो,” ते भाचीला म्हणाले. विकणाऱ्याने गाडी आधीच चालू करून ठेवली असेल, तर सकाळी ती किती किका घेते हे कळत नाही. चालू केल्यावर त्यांनी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं. कोरडी काजळी आली. ओलसर, तेलकट आली असती आणि निळसर धूर दिसला असता, तर इंजिन ऑइल जाळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं गेली आहेत असा अर्थ. मग गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी केलं आणि हँडल एका बोटाने सावकाश फिरवलं. मधोमध आल्यावर ते किंचित अडकलं. “कोनसेट बदलावा लागेल,” मिस्त्री म्हणाले आणि तेवढे पैसे सौद्यातून कमी झाले. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन त्यांनी मागे ओढून बघितली. ती दातांवरून उचलली गेली नाही, म्हणजे अजून आयुष्य होतं. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा ओघळ नव्हता. टायरच्या बाजूवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शिल्लक होती, पण रबर जुनं होऊन बारीक तडे गेले होते. दोन्ही टायर बदलायचे ठरले, कारण जावळीच्या पावसात त्यावर पैसे वाचवणं परवडणारं नव्हतं.

कागद तितक्याच बारकाईने बघितले. चेसिस नंबर हँडलखालच्या भागावर असतो. तो आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून घेतला. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. थकलेले ई-चलान आधी भरून घ्यावेत. विमा नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करायचा असतो, तो बरेच जण विसरतात. आरसी नावावर होईपर्यंत सगळी रक्कम देऊन मोकळं होऊ नये.

गाडीच्या पैशांतून हेल्मेटचे पैसे आधीच बाजूला काढले होते. आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघून, पट्टा लावून डोकं हलवल्यावर न हलणारं हेल्मेट घेतलं. घोटा झाकणारे बूट घेतले. जुन्या मालकाने काढून टाकलेला साडीगार्ड परत बसवून घेतला. ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात दवाखान्यात काम करणाऱ्या मुलीला समजावून सांगावे लागत नाहीत.

आता ती रोज मेढ्याकडे जाते. क्लासिकची इच्छा तिने सोडलेली नाही आणि तिने ती सोडावी असं मलाही वाटत नाही. चढावर थांबून मागे न घसरता सुटता आलं, दोन्ही ब्रेक एकत्र, चाक न अडकवता लावता आले, मागे माणूस बसवून अरुंद रस्त्यात गाडी वळवता आली, पावसात अंधार पडल्यावर खांदे सैल राहिले, की मोठी गाडी बघावी. स्प्लेंडरला गिऱ्हाईक लगेच मिळतं, फारसं नुकसान होत नाही.

माझी विनंती आहे ती अठरा वर्षांच्या मुलाला पाडव्याच्या किंवा दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घेऊन देणाऱ्या आईवडिलांना. मुलाला हवी ती गाडी पुढे-मागे जरूर घ्या, पण पहिल्या गाडीचे पैसे भरण्याआधी त्याला शोरूमबाहेरच्या उतारावर बसवा, गाडी एकट्याने मागे ढकलायला सांगा आणि डबल स्टँड लावायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. त्याला ते जमलं नाही, तर मुहूर्त जाऊ द्या.