दुबईत, रोज ५० दिरहममध्ये

लवळ्याच्या टेकडीवरून आता एक वाट थेट दुबईला जाते. सिम्बायोसिस विद्यापीठाने दुबईत कॅम्पस काढला, नोव्हेंबर २०२४ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, आणि तेव्हापासून आमच्या मुळशीतल्या चहाच्या टपऱ्यांवर एक नवा विषय आलाय. कुणी तिकडे शिकायला जायच्या बेतात आहे, कुणाला इंटर्नशिप मिळालीय, कुणाचा दादा तिथेच चिकटलाय. प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच. खायचं कुठे, फिरायचं कुठे आणि पैसे किती लागतात?

इन्स्टाला विचाराल तर उत्तर तयार आहे. सोन्याचा वर्ख लावलेली कॉफी, बुर्ज खलिफा दिसेल असं टेबल, यॉटवरचा वाढदिवस. हे सगळं तिथे आहेच, खोटं काही नाही. जगात पहिल्यांदा ज्या भारतीय रेस्टॉरंटला तीन मिशेलिन स्टार मिळाले, ते शेफ हिमांशू सैनी यांचं ‘ट्रेसिंड स्टुडिओ’ दुबईतच आहे. मे २०२५ ची ही बातमी. पण तिथल्या एका माणसाच्या बिलात पिरंगुटमधली मेस काही महिने चालेल. तेव्हा ते पहिल्या पगारानंतर बघू.

मी गेल्या हिवाळ्यात पंधरा दिवस मावशीकडे राहून आले. मावशी करामात राहते. (असं लिहिलं की मराठीत भलताच अर्थ निघतो, पण अल करामा ही दुबईतली जुनी, मध्यमवर्गीय, भरपूर भारतीय असलेली वस्ती आहे.) तिने पहिल्याच दिवशी अट घातली, रोजचे ५० दिरहम, त्यात खाणं आणि फिरणं दोन्ही. एक दिरहम म्हणजे साधारण २४ रुपये, म्हणजे दिवसाला बाराशे. ऐकायला भारी वाटतं. पण मॉलमधल्या फूड कोर्टात एकदा जेवलात आणि वर एक कॉफी घेतलीत की खेळ खलास. आणखी एक, पहिल्या दोन दिवसांनंतर प्रत्येक घासाला २४ ने गुणणं बंद करा. नाहीतर पाणीसुद्धा घशाखाली उतरणार नाही.

कडकचा झाला करक

सुरुवात चहापासूनच करायला हवी. दुबईच्या गल्लीबोळांत ‘कॅफेटेरिया’ नावाची छोटी दुकानं असतात. कॅफेटेरिया म्हणजे आपल्या कॉलेजचं कँटीन नाही. दोन टेबलं, एक तवा, एक ज्यूसर आणि मागे घाईत असलेला, बहुतेक वेळा केरळचा, माणूस. तिथे मिळतो ‘करक’. हा आपलाच कडक चहा. ‘ड’ आखाती जिभेवर वळला नाही, त्याचा ‘र’ झाला, आणि डब्यातलं घट्ट दूध व वेलची घातलेला हा चहा आता तिथल्या स्थानिक अमिराती लोकांचाही जीव की प्राण आहे. मोठमोठ्या गाड्या दुकानासमोर थांबतात, हॉर्न वाजतो, पोऱ्या बाहेर येऊन ऑर्डर घेतो. लाखोंची गाडी आणि दीड-दोन दिरहमचा कागदी कप. मला दुबईतलं हे दृश्य बुर्ज खलिफापेक्षा जास्त आवडलं.

चहाबरोबर मागायचा तो पोरोट्टा. आत चीज आणि वर चुरलेले ‘ओमान चिप्स’, मग घट्ट गुंडाळी. बटाटा वेफर्स पोळीत घालून खाणं आपल्याला नवीन नाही, शाळेच्या डब्यात सगळ्यांनी केलंय. इथे मात्र त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची इज्जत आहे.

चहाचंच कशाला, पैशांचंही तेच. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या, त्यांना ‘गल्फ रुपी’ म्हणत. १९६६ पर्यंत दुबईच्या बाजारात आपलाच रुपया चालायचा. संयुक्त अरब अमिराती हा देश झाला १९७१ मध्ये, आणि दिरहम आला १९७३ मध्ये. म्हणजे आपले आजोबा तरुणपणी तिथे गेले असते तर त्यांना २४ ने गुणावंच लागलं नसतं.

एका दिरहमची समुद्रसफर

फिरायचं तर खाडीवर जा. दुबईची खाडी शहराचे दोन भाग करते, एका काठाला बर दुबई, दुसऱ्या काठाला देरा. मधे चालतात लाकडी होड्या, त्यांना ‘अब्रा’ म्हणतात. भाडं एक दिरहम. होय, एक. पर्यटकांसाठीच्या क्रूझवर याच पाण्यात फिरायला कित्येक पट पैसे घेतात. अब्रात शेजारी बंगाली गवंडी, फिलिपिनो नर्स, गुजराती कापडवाला आणि सेल्फी काढणारा रशियन एकाच फळीवर बसलेले असतात. कॉस्मोपॉलिटन हा शब्द आम्हाला मास कॉमच्या पहिल्या वर्षाला पाठ करायला लावला होता. तो मला कळला या होडीत.

मार्ग असा धरा. मेट्रोने अल घुबैबा स्टेशनला उतरा. अल फहिदी या जुन्या वस्तीतल्या मातीच्या रंगाच्या गल्ल्या आणि घरांवरचे वारा खेचणारे बुरूज फुकटात बघा. दुपारी ‘अल उस्ताद स्पेशल कबाब’. १९७८ पासूनचं इराणी दुकान, भिंतींवर फोटोच फोटो, दह्यात मुरवलेला कबाब आणि त्याखाली भाताचा डोंगर. एक प्लेट दोघींनी खाल्ली तरी चालते, कुणी वाकडं बघत नाही. मग कापड बाजारातून खाडीवर, अब्राने पलीकडे, आणि थेट मसाल्यांचा बाजार. केशराचा आग्रह होईल, नम्रपणे नाही म्हणा. पुढेच सोन्याचा बाजार आहे, तिथे फक्त बघायचं.

१९७८ सालचंच दुसरं ठिकाण म्हणजे सतवा भागातलं ‘रावी’. हे पाकिस्तानी रेस्टॉरंट, बाहेर रस्त्यालगत टेबलं मांडलेली. २०२२ मध्ये आदिदासने या हॉटेलच्या नावाचा हिरवा-पांढरा बूट काढला, त्यामुळे स्नीकरवाल्या मंडळींना नाव ऐकून माहीत असेल. मी दाल आणि नान खाल्ला. शेजारच्या टेबलावर लाहोरचा टॅक्सीवाला होता. त्याने पुण्याची आहे हे कळल्यावर विचारलं, तिथे पाऊस कसा असतो. मी त्याला ताम्हिणीचे फोटो दाखवले. बास, एवढंच. पण मावशी म्हणते तसं, या शहरात दोन्हीकडचे लोक एकाच तंदूरची रोटी खातात आणि त्याची बातमी होत नाही.

शाकाहारी मंडळींनी घाबरायचं कारण नाही. करामा आणि बर दुबईत उडपी, गुजराती, राजस्थानी सगळं आहे. आणि आपलं? करामातच ‘पेशवा’ आहे, मिसळ, थालीपीठ, पुरणपोळी मिळणारं. माझा सल्ला ऐकाल तर पहिल्या आठवड्यात तिथे जाऊ नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, रविवारी संध्याकाळी, विनाकारण रडू येईल तेव्हा जा. घरी काही करून खायचं असेल तर ‘अल अदिल’च्या दुकानात भाजणीपासून लोणच्यापर्यंत मिळतं. हे दुकान धनंजय दातार यांचं, ज्यांना आपल्याकडचे पेपर ‘मसाला किंग’ म्हणतात. १९८४ मध्ये वडिलांबरोबर एका छोट्या किराणा दुकानापासून त्यांनी सुरुवात केली होती.

देरामधल्या मुरक्कबात रस्त्यावर एक संध्याकाळ राखून ठेवा. ‘अरूस दमास्कस’ हे जुनं सीरियन रेस्टॉरंट तिथलंच. हमस, गरम फुगलेली रोटी, लोणच्याची थाळी. एवढ्यात अर्धं पोट भरतं. त्याच परिसरात इथिओपियन इंजेराही मिळेल, तो दिसायला आणि आंबटपणाला आपल्या आंबोळीचा चुलतभाऊ. आणि खुद्द अमिराती जेवण? ते शोधावं लागतं, कारण अमिराती लोक त्यांच्याच शहरात दहातले एकच असतील. ‘बलालीत’ जरूर खा. गोड शेवया आणि त्यावर ऑम्लेट. नाक मुरडू नका, आधी खाऊन बघा.

स्वस्त का आहे, हेही बघा

आता जरा वेगळं. सहा-आठ दिरहमात शावरमा, दोन दिरहमात चहा, हे परवडतं कुणाच्या जिवावर? दुबईच्या कडेला, शारजाच्या सीमेजवळ, ‘सोनापूर’ आहे. अधिकृत नाव मुहैस्ना, पण तिथे राहणारे सोनापूरच म्हणतात. बांधकाम मजूर, सफाई कामगार, हॉटेलांतले भांडीवाले यांच्या वसाहती तिथे आहेत, एकेका खोलीत कितीतरी माणसं. सोन्याचं गाव. मुंबईच्या जुन्या मराठीत मात्र सोनापूर म्हणजे स्मशान. मावशीने नाव सांगितलं तेव्हा मला आधी तोच अर्थ आठवला.

सुट्टीच्या संध्याकाळी देरामधल्या अल सबखा आणि नाईफ भागात जा. हजारो माणसं रस्त्यावर उभी असतात, नुसती गप्पा मारत, फोनवर घरच्यांशी बोलत. तिथल्या खानावळीत भात हवा तेवढा वाढतात. मी एका केरळी खानावळीत जेवले, आजूबाजूला सगळे कामाच्या कपड्यांतले. संपूर्ण ट्रिपमधलं सगळ्यात स्वस्त आणि, खरं सांगते, सगळ्यात चविष्ट जेवण तेच होतं. फिश करीत कोकमासारखं काहीतरी आंबट होतं. फोटो मात्र मी काढला नाही. तिथे परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढणं कायद्याने गुन्हा आहे, आणि नसता तरी त्या माणसांकडे कॅमेरा रोखावासा वाटला नाही.

आपण मुळशीकर ताम्हिणीला धबधब्यांच्या रीलसाठी जातो. घाट उतरलं की माणगाव, पुढे म्हसळा, श्रीवर्धन. त्या पट्ट्यातल्या अनेक घरांतला एक तरी माणूस आखातात आहे, सत्तरच्या दशकापासून. त्यांच्या पैशांवर गावात घरं उभी राहिली. लवळ्याहून विमानाने शिकायला जाणारी आपली पिढी दुबईला जाणारी पहिली नाही, फक्त आपल्याकडे परतीचं तिकीट आधीपासून काढलेलं असतं. या दोन प्रवासांमधलं अंतर तिथल्या टेबलावर बसल्यावर लक्षात येतं. परतल्यावर माणगाव स्टँडवर ‘दुबई रिटर्न’ पाटीची एक गाडी दिसली, पूर्वी मी तिच्यावर हसले असते.

माझ्या एका दिवसाचा हिशेब सांगते, उपयोगी पडेल. सकाळी करक आणि अंड्याचा पोरोट्टा ६, मेट्रो १०, अब्रा जाऊन-येऊन २, दुपारी खानावळ १५, संध्याकाळी शावरमा ८, लिंबू-पुदिना ज्यूस ६. झाले ४७. मेट्रोसाठी ‘नोल’ कार्ड घ्यायचं, चांदीचं, म्हणजे साधं सिल्व्हर. अंतराप्रमाणे ३ ते साडेसात दिरहम कापले जातात. दिवसभर हिंडणार असाल तर २० चा पास.

काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. मेट्रोत खाल्लं, प्यायलं, च्युइंगगम चघळलं तरी १०० दिरहम दंड. रस्ता भलतीकडून ओलांडला तर ४००, म्हणजे आपले आठ दिवसांचे पैसे एका उडीत. वयाची २१ वर्षं पूर्ण नसतील तर दारूचा विषयच काढू नका, आणि पूर्ण असतील तरी रस्त्यावर झिंगणं थेट पोलिसांकडे नेतं. रमजानमध्ये रेस्टॉरंट दिवसा उघडी असतात, २०२१ पासून पडदे लावायची सक्तीही नाही, पण चालता चालता खाणं टाळा. त्याच महिन्यात इफ्तारनंतरची दुबई बघण्यासारखी असते.

मुलींसाठी एक वेगळी नोंद. मेट्रोत बायका-मुलांचा वेगळा डबा असतो आणि त्यात घुसणाऱ्या पुरुषाला दंड होतो. रात्री अकराला मी सतव्याहून करामात एकटी चालत आले. हातात किल्ली घट्ट धरलेली नव्हती, कुणाला लोकेशन पाठवलं नव्हतं. लवळे फाट्यावर संध्याकाळी आठनंतर बसची वाट बघणाऱ्या कुठल्याही मुलीला याची किंमत सांगायला नको. जागोजागचे कॅमेरे आणि कडक कायदे यांचा तो परिणाम आहे, त्याची दुसरी बाजूही असेल. पण त्या वीस मिनिटांत मी फक्त चालत होते.

फुकटातल्या गोष्टींत काईट बीच आणि दुबई मॉलबाहेरचं संध्याकाळचं कारंजं. बुर्ज खलिफाच्या (८२८ मीटर) वर जायला दीडशेच्या वर दिरहम लागतात, खालून बघायला काही नाही, आणि खालूनच तो जास्त उंच वाटतो. २५-३० दिरहम साठवता आले तर ग्लोबल व्हिलेज करा, आपल्या जत्रेचा श्रीमंत अवतार. ते ऑक्टोबर ते मेपर्यंतच चालू असतं.

आणि मे संपल्यावर जाणार असाल तर वरचं निम्मं खोडून टाका. पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी अल फहिदीत पाच मिनिटं चालवत नाही. तेव्हा अब्रा रात्री नऊनंतर, करक त्याहून उशिरा, आणि दिवसभर एसी असलेली कुठलीही लायब्ररी.