संगणक आपला, जाहिरात कुणाची?



आज बोलूया संगणकाविषयी. ग्रामसंघाच्या कार्यालयातला असो, सेवा केंद्रातला असो, नाहीतर लेकीच्या अभ्यासासाठी घरात आणलेला असो. सुरू केला की आपलं काम राहतं बाजूला आणि समोर काहीतरी भलतंच येतं. "हे नवं ॲप वापरून पाहा." "तुमची जागा भरत आली, जास्त जागा विकत घ्या." "तुमचा संगणक अजून पूर्ण तयार झालेला नाही, चला पूर्ण करूया." मग मनात धाकधूक सुरू होते. आपल्याच हातून काही चुकीचं दाबलं गेलं का? व्हायरस शिरला का? आणि शेवटी तेच नेहमीचं वाक्य: "जाऊ दे, मला बाई यातलं काही कळत नाही."

तर पहिल्यांदा हे वाक्य सोडून द्या. बहुतेक वेळा यात तुमची चूक नसते आणि व्हायरसही नसतो. ज्या प्रणालीवर संगणक चालतो, तीच प्रणाली जाहिरात करत असते.

ही प्रणाली म्हणजे काय? घरात जशी एक कारभारीण असते, कुठल्या डब्यात काय आहे हे तिला ठाऊक असतं, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला दारातूनच परत पाठवायचं हे ती ठरवते, तसंच काम संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम करते. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांत ही प्रणाली म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज. दुकानातून विंडोजसकट संगणक घेतो तेव्हा तिची किंमत संगणकाच्या किमतीतच धरलेली असते. म्हणजे ती आपल्याला फुकट मिळालेली नाही.

आता गावातलीच गोष्ट घ्या. सिमेंटच्या किंवा मोबाइलच्या कंपनीला रस्त्याकडेच्या घरावर जाहिरात रंगवायची असली, तर माणसं येऊन आधी घरमालकाला विचारतात. चार पैसे देतात, नाहीतर भिंत तरी रंगवून देतात. इथे मात्र घर आपण विकत घेतलं, आणि जाहिरात रंगवली गेली थेट स्वयंपाकघरात, तीही न विचारता. जगभरातल्या लोकांची तक्रार नेमकी हीच आहे.

हे असं कधीपासून झालं?

1995 साली विंडोज 95 आली तेव्हा लोक ती खोक्यातून विकत आणत. नवी आवृत्ती आली की पुन्हा पैसे मोजून घ्यायची. कंपनीची कमाई त्या विक्रीतून होती. 29 जुलै 2015 ला विंडोज 10 आली आणि चाल बदलली. ज्यांच्याकडे विंडोज 7 किंवा 8.1 होती, त्यांना नवी आवृत्ती वर्षभर मोफत देऊ केली. पण आता कंपनीला कमाई हवी होती ती वर्षाच्या किंवा महिन्याच्या वर्गणीतून: लिहिण्याच्या आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरची वर्गणी, फाइली ठेवायच्या जागेची वर्गणी, ॲपच्या दुकानातली विक्री. वर्गणी घ्यायला लावायची तर रोज आठवण करून द्यायला हवी. त्यासाठी रोज उघडणारा पडदा कंपनीच्या हातात होताच.

मग स्टार्ट मेनूत कुणी न मागता कँडी क्रशसारखे खेळ दिसू लागले. 2017 मध्ये फाइली शोधायच्या खिडकीत कंपनीच्याच साठवण सेवेची जाहिरात दिसली. एप्रिल 2024 मध्ये विंडोज 11 च्या स्टार्ट मेनूत "शिफारस" या नावाखाली ॲपच्या जाहिराती आल्या. शब्द नीट ऐका, "जाहिरात" असं कुठेच म्हटलेलं नसतं. कधी "शिफारस", कधी "सूचना", कधी "टिप". नाव गोड असतं, हेतू विक्रीचा असतो.

असं करणारी ही एकटीच कंपनी नाही. उबंटू नावाची मोफत प्रणाली आहे, तिच्यातही 2012 साली आपल्याच फाइली शोधताना ॲमेझॉनवरचा माल दाखवायला सुरुवात झाली होती. लोकांनी जोरदार आक्षेप घेतला आणि 2016 च्या आवृत्तीपासून ते मुळातच बंद ठेवलं गेलं. म्हणजे लोक बोलले की फरक पडतो.

गप्प बसलं म्हणजे होकार नव्हे

मैत्रिणींनो, जाहिरात डोळ्यांना त्रास देते एवढ्यावर हे थांबत नाही. खरा प्रश्न आहे आपल्या संमतीचा.

2016 सालची गोष्ट. विंडोज 10 घ्या, घ्या म्हणून एक खिडकी लोकांच्या संगणकावर वारंवार उघडत होती. नको असलेली खिडकी बंद करायला आपण कोपऱ्यातल्या लाल फुलीवर दाबतो. लहान मुलालाही हे माहीत असतं. पण त्या वर्षीच्या मे महिन्यात ती खिडकी अशी केली गेली, की फुली दाबली तरी फक्त खिडकी मिटायची, आणि आधीच नेमून ठेवलेली बदलाची वेळ तशीच राहायची. माणसाला वाटायचं आपण नको म्हटलं. संगणक धरायचा, हिची काही हरकत नाही. कंपनीच्या विपणन विभागाचे तेव्हाचे प्रमुख ख्रिस कापोसेला यांनी त्याच वर्षाच्या शेवटी जाहीरपणे मान्य केलं, की यात कंपनी मर्यादेपलीकडे गेली होती.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात प्रवासाची छोटी एजन्सी चालवणारी एक बाई होती. तिच्या म्हणण्यानुसार, तिने परवानगी न देताच तिच्या कामाच्या संगणकावर विंडोज 10 चढू लागली. संगणक मंदावला, बंद पडू लागला, दिवसचे दिवस धंदा बुडाला. ती न्यायालयात गेली. न्यायालयाने तिला 10,000 डॉलर भरपाई दिली. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण अपील मागे घेतलं आणि पैसे दिले. एकटीनं चालवलेल्या छोट्या धंद्याचं नुकसान हे नुकसानच असतं, हे तिनं दाखवून दिलं.

दर्जा का घसरला?

दुसरी तक्रार दर्जाची आहे. भाकरी तव्यावरून उतरवण्याआधी आपण ती भाजली का पाहतो. सॉफ्टवेअरचंही तसंच असतं, ते लोकांना देण्याआधी तपासणारे लोक असतात. 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टनं मोठी नोकरकपात केली, त्यात तपासणाऱ्यांच्याही जागा गेल्या. त्याच वर्षी स्वयंसेवकांकडून नव्या आवृत्त्या वापरून घेण्याची योजना सुरू झाली.

पुढे 2 ऑक्टोबर 2018 ला एक मोठा बदल, म्हणजे अपडेट, बाहेर आला. तो चढवल्यावर काही लोकांच्या कागदपत्रांच्या आणि फोटोंच्या फाइली पुसल्या गेल्या. चारच दिवसांत कंपनीला तो थांबवावा लागला. काही स्वयंसेवकांनी या गडबडीबद्दल आधीच कळवलं होतं, पण तक्रारींच्या ढिगात ते मागे पडलं. दुरुस्त करून तो बदल पुन्हा 13 नोव्हेंबरला सुरू झाला. फाइली गेल्याच्या तक्रारी दहा हजारांत एक एवढ्याच आहेत, असं कंपनीनं सांगितलं. आकडा लहान वाटतो. पण त्या एकीच्या संगणकात गटाचं कर्जखातं असेल, तर तिच्या गटापुरतं सगळंच गेलं.

आता काय करायचं?

विंडोज 11 असेल तर पुढच्या चार ठिकाणी जा. मेनूतली नावं इंग्रजीत असतात, म्हणून उच्चार सांगतो. आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे बदलतील, तेव्हा शेजारीपाजारीही पाहा.

पहिलं, सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, मग स्टार्ट. तिथे "रेकमेंडेशन्स" आणि "ॲप प्रमोशन्स" हे शब्द असलेली ओळ बंद करा.

दुसरं, सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग नोटिफिकेशन्स. अगदी खाली "ॲडिशनल सेटिंग्ज" आहे. ते उघडून तिथल्या खुणा काढा. "संगणक पूर्ण तयार करूया" ही भुणभुण इथूनच कमी होते.

तिसरं, पर्सनलायझेशनमध्येच लॉक स्क्रीन. तिथे "पिक्चर" निवडा आणि "फन फॅक्ट्स, टिप्स" या ओळीची खूण काढा. आपल्या गटाचा फोटोच लावा की तिथे.

चौथं, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी. तिथे "ॲडव्हर्टायझिंग आयडी" ही ओळ शोधून बंद करा. यानं जाहिराती कमी होतीलच असं नाही, पण तुम्ही काय वापरता यावर नजर ठेवून ॲपनं तुम्हाला जाहिरात दाखवणं थांबतं.

मोठं अपडेट आलं की ही चारही ठिकाणं पुन्हा तपासा. नवी जाहिरात आली तर ती बंद करायचं बटणही शोधावं लागतं.

आता "जागा भरली" या सूचनेबद्दल. विंडोजमधली वनड्राइव्ह ही सेवा तुमच्या फाइलींची प्रत इंटरनेटवर ठेवते. सेवा उपयोगी आहे, पण फुकट जागा फक्त 5 जीबी. फोटो, व्हिडिओ चढले की ती चटकन भरते आणि पैशांची मागणी सुरू होते. संगणकातली जागा भरली असा त्याचा अर्थ नाही. घाईनं पैसे भरू नका, आणि घाईनं फाइली पुसूही नका, कारण वनड्राइव्हमधून पुसलेली फाइल संगणकातूनही जाऊ शकते. आधी सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घ्या आणि मगच जाणत्या व्यक्तीला बसवून ती सोय चालू ठेवायची की बंद करायची ते ठरवा.

दोन गोष्टी मात्र जाहिरातीत मोजू नका. सुरक्षेची अपडेट बंद करू नका, चोराला कुलूप त्यानंच लागतं. आणि पडद्यावर "संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं आलं, तर ती निव्वळ फसवणूक असते. कंपनीच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. फोन करू नका, संगणक बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

जुन्या संगणकाचंही विचारात घ्या. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदतवाढ ठेवली आहे. संगणक जुना म्हणून विंडोज 11 चढत नसेल, तर तो लगेच भंगारात काढायची गरज नाही. लिनक्स या मोफत प्रणालीवर असे पुष्कळ संगणक चांगले चालतात. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं मुलं त्यावरच शिकत आहेत. त्यात मराठी लिहिता येतं, हिशेबाचे तक्तेही करता येतात. पण टॅली किंवा बोटाचा ठसा घेणारं यंत्र तुम्ही वापरत असाल, तर ते चालेल का, हे बदलण्याआधी तपासून घ्या.

हक्काचं काय?

आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे. त्याखाली 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ग्राहकाला चकवणाऱ्या 13 क्लृप्त्यांची यादी जाहीर केली. नको म्हटल्यावरही सतत भुणभुण करणं, एक वस्तू देताना दुसरी घ्यायला भाग पाडणं, नकाराचं बटण दडवणं, या त्यात आहेत. अशी फसगत झाली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. युरोपात कायद्यानं बजावल्यावर मायक्रोसॉफ्टनं तिथल्या लोकांना कंपनीचा ब्राउझर काढून टाकायची मोकळीक दिली. म्हणजे बटण देता येतं. मागणारे लागतात.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत तीन ठराव करा. पहिला, संगणकावर आलेल्या कोणत्याही सूचनेला दोघींनी वाचल्याशिवाय "हो" म्हणायचं नाही. दुसरा, दर महिन्याच्या हिशेबाची प्रत दोन पेनड्राइव्हवर, दोन वेगळ्या घरी, आणि वहीतली नोंद चालूच. तिसरा, वर सांगितलेली चार ठिकाणं गटातल्या निदान तिघींना स्वतःच्या हातानं बंद करता आली पाहिजेत. शिकलेल्या मुलावर किंवा दुकानदारावर सोडू नका. माऊस तुमच्या हातात घ्या.

व्याजाचा दर न विचारता आपण कर्ज घेत नाही, आणि न वाचता अंगठाही देत नाही. पडद्यावरच्या बटणालाही तोच नियम लावा.