हौद बुजवावा कीं राखावा?

आमच्या परसांत विहिरीलगत एक जुना हौद आहे. मोट बंद झाली, पंप आला, आणि त्याजकडे पाहण्याचें कोणास कारण उरलें नाहीं. कडेला अळू माजलें, तळाशीं गाळ सांचला. पावसाळ्यांत डेंग्यूची सांथ येतांच घरांतील वडील मंडळींनीं हौद बुजविण्याचें ठरविलें. आम्हीं विरोध केला. परंतु हातांत पुरावा नव्हता. तो मिळविण्यासाठीं आम्ही कॅमेरा घेऊन हौदाच्या कांठीं बसूं लागलों.

पहिल्या आठवड्यांत पदरीं पडलीं तीं केवळ पाण्याचीं चित्रें! चतुराचा डोळा हजारों बारीक भिंगांचा बनलेला असतो. कांहीं जातींत ही संख्या ३० हजारांच्या घरांत जाते. त्याच्या नकळत जवळ जाणें कठीण. मग एक गोष्ट ध्यानांत आली. चतुर उडतो, घिरट्या घालतो, एखादें चिलट पकडतो आणि पुष्कळदां पुन्हां त्याच काडीवर येऊन बसतो. तेव्हां त्याच्या मागें धांवणें हा शुद्ध वेडेपणा. पाण्यांत एक वाळकी काटकी रोंवावी, कॅमेरा तिच्या टोंकावर आधींच जुळवून ठेवावा, आपली सावली तिजवर पडूं देऊं नये, आणि वाट पाहावी. उडते पंख स्पष्ट यावयाचे तर कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता, किंवा त्याहूनहि कमी वेळ उघडावा लागतो. बसलेल्या चतुरास एवढी घाई नको. भर दुपारीं तांबडा चतुर शेपूट थेट सूर्याकडे उभारून जणूं शीर्षासन करितो. अंगावर ऊन कमी पडावें म्हणून ही युक्ति!

पहाटेची वेळ सर्वांत उत्तम. रात्रीच्या गारठ्यानें त्याचें अंग आंखडलेलें असतें, ऊन लागेपर्यंत त्यास धड उडतां येत नाहीं. हाच गारठा आयता आणण्यासाठीं कित्येक हौशी लोक कीटकास फ्रीजमध्यें ठेवून मग फोटो काढतात. आम्हांस हें मुळींच पसंत नाहीं. लहानपणीं चतुराच्या शेपटीस दोरा बांधून आम्हींहि त्यास पतंगासारखें उडविलें आहे. तेवढें पाप पुरे.

खरा पुरावा मात्र पाण्याखालीं सांपडला. चतुराचें सारें बालपण पाण्यांत जातें. हौदांतील पाणी कांचेच्या वाडग्यांत घेतलें, तेव्हां तळाशीं मातकट रंगाचें, सहा पायांचें एक ध्यान दिसलें. वर डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्यानें घडी घातलेला खालचा ओंठ एकाएकीं हातासारखा पुढें फेंकला, आणि एक अळी नाहींशी झाली; पाठोपाठ दुसरी. छायाचित्र अंमळ अंधुक आलें, पण घरांत हातोहात फिरलें तें तेंच. डेंग्यूचा डास असल्या जित्या हौदापेक्षां कुंडीखालची ताटली, टाकून दिलेला टायर, उघडें पिंप अशा लहानशा सांठ्यांत अधिक वाढतो. आमच्या गच्चीवरील ताटल्यांत अळ्या भरपूर निघाल्या. तेथें चतुर नव्हता!

डासांवर उपाय म्हणून हौदांत गंबूशिया मासे सोडावे, असें कोणी सुचविलें. हा मासा बेडकांचीं पोरेंहि खातो, म्हणून आम्हीं नको म्हटलें. आणि येथें अनपेक्षितपणें आजोबा आमच्या बाजूस आले. ऋग्वेदाच्या ७ व्या मंडलांतील १०३ वें सूक्त बेडकांचें आहे. वर्षभर व्रतस्थ राहून पावसाबरोबर बोलूं लागणारे ब्राह्मण, आणि गुरूमागून म्हणणारे शिष्य, अशा उपमा त्यांत आहेत. रात्रीं हौदाकांठीं बसावें, म्हणजे हें सूक्त बेडूक प्रत्यक्ष ऐकूनच रचिलें असलें पाहिजे असें वाटतें: एक थांबतो न थांबतो, तोंच दुसरा उत्तर देतो.

आपल्याकडील मोठ्या बेडकाचा नर पहिल्या जोराच्या पावसांत पिवळाधमक होतो, आणि ओरडतांना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळे फुगे येतात. हें चित्र आम्हांस अद्याप साधलेलें नाहीं. गेल्या पावसाळ्यांत तो दोनच रात्रीं तसा दिसला. पहिल्या रात्रीं भिंगावर पाणी चढलें. दुसऱ्या रात्रीं आम्हीं विजेरी पेटवितांच त्यानें बुडी मारली. हौद तूर्त शाबूत आहे. यंदा विजेरी आजोबा धरणार आहेत.